कोकणच्या पावसात सायकलची पेडलं टिकतच नाहीत. काय घ्यावं?

भाट्येवाली (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मी भाट्याला राहते. रोज सायकलने पूल ओलांडून, मारुती मंदिराचा चढ चढून मिरजोळे एमआयडीसीत कामाला जाते. जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर होतात. सायकल साधी हायब्रिड, २१ गिअरची, क्रँक (पेडल ज्यावर बसतं तो हात) अ‍ॅल्युमिनियमचा. पावसातही चालवते, रेनकोट घालून. लोक बघतात, बघू देत.

तर प्रश्न पेडलचा. सायकलबरोबर आलेली प्लास्टिकची पेडलं पहिल्याच पावसाळ्यानंतर कुईकुई करायला लागली. मग बदलली, तर तोच प्रकार. गेल्या आठवड्यात मात्र कहर झाला. चढावर उभी राहून मारत होते आणि डावं पेडल पायाबरोबर अख्खंच्या अख्खं दांड्यावरून निघून आलं. क्रँकला नुसता लोखंडी दांडा. पडले नाही, एवढंच. त्या दांड्यावर सँडल टेकवत टेकवत कामावर पोचले.

दुकानदार म्हणतात, "मॅडम, पेडल काय जन्मभराचं असतं का? साडेतीनशेचं टाका, गेलं की दुसरं टाका." ऑनलाइन बघितलं तर साडेतीनशेपासून पाच हजारांपर्यंत पेडलं आहेत आणि वर्णनात सील्ड बेअरिंग, डीयू बुश, सीएनसी, क्रोमोली असलं काय काय. मला शर्यतीत उतरायचं नाही. पावसात टिकेल आणि ओल्या सँडलखालून सटकणार नाही असं पेडल हवं. कितीपर्यंत खर्च करणं शहाणपणाचं? आणि पेडल सोडून बाकी काय काय असंच जातं तेही सांगा, म्हणजे एकदाच पैसे बाजूला काढते.

घाटवाट (पुणे)

सरळ एसपीडी घ्या, म्हणजे बुटाच्या तळाची क्लीट (खटका) ज्यात अडकते ती पेडलं. शिमानोचे एम५२० घेतलेत, त्यावर ब्रेव्हे (लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) झाल्या, पावसाळी २००, ३०० किलोमीटर सगळं झालं, अजून लोण्यासारखे फिरतात. शूज वेगळे घ्यावे लागतील, पण एकदा सवय झाली की साध्या पेडलवर परत जाववत नाही.

अंबडचा फिटर (नाशिक)

घाटवाट, त्या सँडल घालून ऑफिसला जातात असं लिहिलंय. क्लीटचे बूट घालून टाइल्सवर टकटक करत दिवसभर फिरायचं का त्यांनी? तुमचं पेडल चांगलंच आहे, मी उघडून बघितलंय. त्याचा उपयोग वेगळा.

ताई, मी मेंटेनन्स फिटर. अंबड एमआयडीसीत नोकरी झाली, सिडकोतून सायकलनेच जायचो. आता घरामागे व्हाइस आणि ग्राइंडर लावलाय, कॉलनीतल्या सायकली येतात. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पेडल अख्खं निघून आलं म्हणजे आतलं बेअरिंग त्याच्या बरंच आधी मेलेलं होतं. कुईकुई होती ना, तीच त्याची तक्रार. पेडलच्या पोटात एक्सल म्हणजे मधला दांडा असतो आणि त्यावर दोन बेअरिंगं, एक क्रँकच्या बाजूला, एक बाहेरच्या टोकाला. बाहेरच्या टोकाला झाकण असतं, तिथून फारसं पाणी जात नाही. क्रँकच्या बाजूचं तोंड मात्र स्वस्त पेडलमध्ये उघडंच असतं. एक्सल आणि बॉडी यांच्यात नुसती फट. पुढच्या चाकाचं पाणी आणि तुमच्याकडची ती जांभ्याची लाल बारीक माती थेट त्या फटीवर येते. आत ग्रीस असतं बेताचंच. पाणी मिसळलं की ते ताकासारखं पांढरट होतं आणि वाहून जातं. मग छर्रे कोरडे घासतात, ज्यात फिरतात ती वाटी खातात, पेडल खुळखुळायला लागतं, आणि शेवटी टोकाचा कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) आणि वरचा नट धरून ठेवायला काही उरत नाही. भाट्याला खारा वारा आहे, म्हणजे नाशिकला जे तीन वर्षांत होतं ते तुमच्याकडे वर्षात.

आता एक विचारतो. तुम्ही सायकलवर चढता कशा? डावा पाय पेडलवर ठेवून, दोन-तीन ढकलण्या देऊन टांग मारता का? माझ्याकडे येणाऱ्या सायकलींत डावं पेडल आधी गेलेलं असतं, आणि मालक बहुतेक टांग मारणारा निघतो. सगळं वजन एका बाजूला, तेही वाकडं. आधी बसा, मग पेडल मारा. फुकटचा उपाय आहे.

तुम्ही लिहिलेल्या शब्दांचं सांगतो. सीएनसी म्हणजे बॉडी मशीनवर कापलेली. दिसायला छान, टिकण्याशी त्याचा काही संबंध नाही. क्रोमोली हे एक्सलचं पोलाद, क्रोम-मॉलिब्डेनमचं. वजनदार माणसाने जरूर बघावं, कारण साधा एक्सल वाकतो. डीयू बुश म्हणजे छर्रेच नाहीत, गुळगुळीत बुशिंगवर एक्सल फिरतो. पातळ पेडलमध्ये जागा नसते म्हणून घालतात. चिखलाचे कण आत गेले की बुश घासतं आणि खेळ पडतो. रोजच्या वापराला मी घेणार नाही. सील्ड म्हणजे तयार गोल बेअरिंग दाबून बसवलेलं. यात गोम आहे. बेअरिंगवर बारीक अक्षरांत नंबर कोरलेला असतो. नंबरच्या शेवटी २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं सील, पाणी अडतं. झेडझेड असेल तर पत्र्याचं झाकण, ते धूळ थोपवतं, पाणी नाही. तो नंबर दाखवला की बेअरिंगच्या दुकानात नवीन मिळतं, सायकलच्या दुकानात जायची गरज नाही. पंपाला आणि मिक्सरला लागतात त्याच जातीची असतात.

पण मला विचाराल तर बेअरिंग कुठलं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, पेडल उघडतं का? बाहेरच्या टोकाचं झाकण स्क्रूड्रायव्हरने किंवा पान्याने निघतं का बघा. निघत असेल तर आत कोन आणि नट असतो, म्हणजे उघडा, धुवा, ग्रीस भरा, परत बसवा. झाकण दाबून कायमचं बसवलेलं असेल तर ते पेडल तुमच्या दुकानदारासाठी बनवलेलं आहे, तुमच्यासाठी नाही. सुट्या छर्‍यांचं उघडणारं पेडल मी न उघडणाऱ्या सील्डपेक्षा कधीही घेईन. जपानच्या एमकेएसची सिल्व्हन मिळाली तर डोळे मिटून घ्या. नाही मिळाली तर अ‍ॅल्युमिनियमचं, कडेला दाते असलेलं, रुंद कुठलंही, फक्त झाकण बघून. हजार ते दोन हजारांत काम होतं. पाच हजारांचं पेडल त्यापेक्षा पाचपट टिकत नाही. ते मोठ्या खिळ्यांचं डोंगरातलं पेडल नका घेऊ, सँडलचा तळवा खाईल आणि पाय सटकला की नडगीचं सालटं काढेल.

बसवताना आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय बसवू देऊ नका. दुकानात उभं राहून लावून घ्या. पेडलचा दांडा लोखंडी, क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा. दोन धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी. अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगून बसते आणि मग पेडल काढताना क्रँकच जातो.

जुनं ते सोनं (सातारा)

फिटरसाहेब सगळं खरं, पण आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलला असलं कौतुक कधी लागलं नाही. रबराची पेडलं. रबर झिजलं तर नट काढून रबर बदलायचं, बस. दिवाळीच्या आधी ओव्हरऑइलिंग करून घ्यायचं. अजून चालू आहे ती सायकल. गिअरबिअरची थेरं करायची आणि मग रडायचं.

अंबडचा फिटर (नाशिक)

ती सायकल टिकली ती त्या दिवाळीच्या ओव्हरऑइलिंगमुळे हो. दरवर्षी सगळं उघडून रॉकेलने धुऊन नवीन ग्रीस. आज २१ गिअरवालीला तेवढं केलं तर तीही टिकेल. आणि कॉटर, म्हणजे क्रँक एक्सलवर धरून ठेवणारी पाचर, विसरलात वाटतं? कॉटर सैल झाला की पेडल मारताना प्रत्येक फेऱ्याला धडक बसायची, मग हातोडी, मग कॉटर वाकडा, मग तो ठोकून काढायचा. माझ्या दोन्ही अंगठ्यांना विचारा. शिवाय मारुती मंदिराचा चढ मी बघितलाय, काळी सायकल घेऊन तिथे ताईंना ढकलत न्यावी लागेल.

कालव्याकाठी (उत्रेख्त, नेदरलँड्स)

इथे राहून काही वर्षं झाली, पाऊस बाराही महिने, आणि मुलांना शाळेत सोडण्यापासून भाजीपर्यंत सगळं सायकलवर. माझ्या साध्या शहरी सायकलची पेडलं काही खास नाहीत. रबरी पट्ट्यांची आहेत आणि दोन्ही बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर, ते इथे कायद्यानेच लागतात. रात्री पुढचा सायकलवाला लांबूनच कळतो, कारण ते पिवळे ठिपके वर-खाली होत असतात. भाट्येवाली, नवीन पेडल घेशील तेव्हा रिफ्लेक्टर असलेलं मिळतंय का बघ. पावसातल्या संध्याकाळी मागून येणाऱ्या गाडीला ते पटकन दिसतं.

इथल्या सायकलींत मला खरा फरक वाटतो तो साखळीत. गिअर मागच्या चाकाच्या मधल्या हबच्या पोटात, आणि साखळी पूर्ण बंद पेटीत. पावसाचा आणि तिचा संबंध येत नाही. माझी सायकल रात्रंदिवस बाहेर उभी असते, हँडलला गंज चढलाय, पण साखळीला मी क्वचितच हात लावते. तुझ्या गिअरला ती पेटी बसणार नाही, साखळी आडवी सरकते ना. त्यामुळे तुझ्याकडे पेडलनंतरचा खर्च साखळीचाच असणार. बाकी इथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, त्यामुळे तुझ्या पेडलवर पडतो तेवढा भार इथे पडतच नाही.

भाट्येवाली (रत्नागिरी)

सगळ्यांचे आभार. काका, टांगच मारते मी, लहानपणापासून. तुम्हाला कसं कळलं तेच कळेना.

झाकण उघडणारी, दातेवाली अ‍ॅल्युमिनियमची जोडी घेतली, चौदाशे रुपये. जुनं उजवं पेडल घरीच काढावं म्हणून पाना आणला तर ते जागचं हलत नाही. भाऊ येऊन त्यावर उभा राहिला तरी नाही. पांढरी भुकटी दिसते आहे कडेला, तुम्ही म्हणालात तशी. डाव्या बाजूचा दांडा दुकानात काढून घेतला, पण काढल्यावर दुकानदार म्हणाले की आटे "जरा गेलेत". आता क्रँक बदलायचा म्हणजे अख्खा सेट बदलायचा का?

अंबडचा फिटर (नाशिक)

आधी उजवं. भाऊ कुठल्या दिशेने उभा राहिला ते सांगितलं नाहीत. बरेचदा लोक घट्ट करत बसतात. दोन्ही बाजूंना एकच लक्षात ठेवा: पाना पेडलच्या वरच्या बाजूला उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा, म्हणजे सुटतो. पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतो. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, म्हणून घड्याळाचा काटा धरून बसलात की गोंधळ होतो.

पाना १५ नंबरचा लागतो आणि लांब दांड्याचा लागतो. घरातला आखूड पाना घसरून पेडलचे चपटे भाग गोल करेल. जमलं तर त्यावर पाइप चढवा. काहींना एक्सलच्या मागच्या टोकाला ६ किंवा ८ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. तिथून बघत असाल तर दिशा उलटी दिसेल, सांभाळा. साखळी पुढच्या मोठ्या चक्रावर घ्या, नाहीतर पाना सुटला की हात दात्यांवर जातो.

जाम झालेल्याला आधी गंज सोडवायचं तेल आट्यांवर दोन्ही बाजूंनी मारून रात्रभर ठेवा. सकाळी क्रँकच्या टोकावर किटलीने उकळतं पाणी ओता, चांगलं सावकाश. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, भोक किंचित मोकळं होतं. गरम असतानाच झटका द्या. हळूहळू जोर लावण्यापेक्षा एक झटका बरा. पेटती बत्ती लावू नका, कोणी सांगितलं तरी. क्रँक नरम पडतो.

डावीकडचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. "जरा गेलेत" वर नवीन पेडल चढवून घेऊ नका. सैल आट्यांत पेडल हलतं आणि लोखंडी दांडा उरलेले अ‍ॅल्युमिनियमचे आटे खरवडत राहतो. दुसरं असं, बेअरिंग नीट फिरत असेल तर पुढे पेडल मारताना ते आपोआप घट्ट राहतं, आटे तशाच दिशेचे ठेवलेत. पण बेअरिंग जाम झालं तर एक्सलच फिरायला बघतो आणि पेडल सुटत जातं. तुमचं डावं बेअरिंग मरत असताना ते आट्यांनाही पिळत होतं.

आटे किती गेलेत ते असं बघा. ग्रीस लावून पेडल बोटांनी घाला. चार-पाच फेरे बोटांनी सुरळीत गेलं आणि मग पानाही नीट आवळला गेला तर चालेल. पहिल्या फेऱ्यालाच वाकडं बसत असेल तर लेथवाल्याकडे डावा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आहे का विचारा, ९/१६ इंच, २० टीपीआय म्हणजे इंचाला २० आटे, डाव्या हाताचा. असला तर टॅप फिरवून आटे साफ करून घ्या. बहुतेक लेथवाल्यांकडे डावा नसतो, आणि काही जण हौसेने उजवा घालून मोकळे होतात. तसं होऊ देऊ नका.

टॅप मारूनही पकड नसेल तर एकटा डावा क्रँक बदला. अख्ख्या सेटची गरज नाही. तुमच्या सायकलला बहुधा चौकोनी टोकाचा एक्सल असेल. क्रँकच्या मागे लांबी कोरलेली असते, बहुतेक १७०. तेवढ्याच लांबीचा घ्यायचा. काढायला क्रँक पुलर लागतो, दुकानात असतो. कोणी हातोडी काढली तर सायकल घेऊन निघून या.

घाटवाट (पुणे)

काका, एसपीडीवरून धुतलंत ते मान्य, पण पुलरचं लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. माझ्या मित्राचा बीबी (दोन क्रँकच्या मधला एक्सल आणि बेअरिंगं) असाच हातोडीने गेला होता.

भाट्येवाली (रत्नागिरी)

उकळतं पाणी! सुटलं! कट् असा आवाज झाला आणि मला वाटलं क्रँक तुटला. तर पेडल होतं. आणि हो, भाऊ आवळतच होता.

जुनं उघडायला बघितलं पण झाकण निघेना, म्हणून करवतीने कापलं. आत ग्रीसचा पत्ता नाही. तपकिरी गाळ आणि छर्रे अर्धे गंजून चिकटलेले. डावं बोटांनी दोन फेरे जातं आणि अडतं, लेथवाल्याकडे डावा टॅप नाही. त्यामुळे क्रँक मागवते.

आता नवीन पेडलमध्ये ग्रीस कुठलं भरू? दुकानात जे पिवळं मिळतं ते चालेल का? आणि साखळीचं कोणी तरी सांगा, मी आत्तापर्यंत स्कूटरचं जुनं इंजिन ऑइल घालते आहे.

अंबडचा फिटर (नाशिक)

तुम्ही मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराजवळ राहून मला ग्रीस विचारताय! बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात जा आणि पाण्यात चालणारं मरीन ग्रीस मागा. डब्यावर कॅल्शियम लिहिलेलं असलं तर उत्तम. साधं लिथियम ग्रीस उष्णता चांगली सोसतं, पण पेडल काही तापत नाही, त्याला पाणी सोसायचंय. नवीन पेडलही आताच, घालायच्या आधी उघडा. कारखान्यात ग्रीस भरतात ते हात आखडता घेऊन. छर्रे सुटे असतील तर खाली ताट ठेवा आणि दोन्ही बाजूंचे वेगवेगळे मोजून ठेवा, मोजणी सारखी असेलच असं नाही. परत बसवताना कोन इतकाच आवळा की पेडल बोटाने फिरवलं तर सुरसुर फिरेल आणि हलवलं तर खुळखुळणार नाही. वरचा नट आवळला की कोन आणखी थोडा आवळला जातो, म्हणून आधी किंचित सैल ठेवायचा. पहिल्यांदा दोन-तीनदा करावं लागेल.

पाऊस संपल्यावर एकदा आणि जमलं तर ऑगस्टमध्ये एकदा उघडा. आणि ते मोटरसायकलच्या सर्व्हिसिंगवाल्याकडे प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊन घेणं बंद. मातीबरोबर ते ग्रीसही उडवतात. बादली आणि फडकं पुरे.

साखळीला जुनं इंजिन ऑइल नको. त्यात आधीच इंजिनची काजळी आणि धातूचा कीस असतो, वर तुमची लाल माती बसली की घासणारा लेप तयार. ओल्या रस्त्यासाठी मिळणारं साखळीचं तेल आणा, प्रत्येक जोडावर एक थेंब, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. तेल आतल्या पिनीला हवंय. पावसातून आलात की आधी कोरड्या फडक्याने पुसा, हे रोज केलंत तर साखळीचं आयुष्य बरंच वाढेल.

साखळी ताणली का ते पोलादी फूटपट्टीने बघता येतं. पट्टीचा शून्य एका पिनीच्या मध्यावर ठेवा. नवीन साखळीत बरोबर १२ इंचांवर पिनीचा मध्य येतो. ती पिन १/१६ इंच पुढे गेली की साखळी बदला. १/८ इंच गेली तर मागच्या चाकाचं दातेरी फ्रीव्हीलही खाल्लं गेलंय, दोन्ही एकदम बदलावं लागतं. म्हणून आधीच बदललेली साखळी स्वस्त पडते.

पैसे बाजूला काढायचे म्हणालात, तर साखळी, ब्रेकचे रबर आणि ब्रेकच्या वायरी एवढं दरवर्षी धरा. ब्रेकच्या रबरात मातीबरोबर रिमचे चमकणारे कण रुततात, ते सुईने उकरून काढत जा, नाहीतर रिम खरवडली जाते आणि रिम महाग आहे. बीबी कधीतरी जाईलच, त्याला पेडलच्या नेमके उलट म्हणजे उजवीकडे उलटे आटे असतात, ते दुकानातच करा. पावसाळ्यानंतर सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून सायकल उलटी करा, फ्रेममधून किती पाणी पडतं ते बघून तुम्हीच चकित व्हाल. ते सगळं बीबीवर साचलेलं असतं.

नवीन डावा क्रँक बसवला की पहिल्या आठवड्याने त्याचा बोल्ट परत एकदा आवळून घ्या, तो थोडा बसतो. पेडलही तेव्हाच आवळा. पुढच्या चाकाकडे.